गामा विरुद्ध गॉच : न झालेल्या कुस्तीचा निकाल

डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं खेळत जे मोठे झाले, त्यांना 'कोण कोणाला मारेल' हा प्रश्न काही नवा नाही. उंची, वजन, छाती, दंड, किती फाइट्स खेळल्या, किती जिंकल्या. ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचं कार्ड उचलायचं. विषय संपला! पुढे कॉलेजच्या कट्ट्यावर हाच वाद जरा वरच्या पट्टीत चालतो. अंडरटेकर आणि स्टिंग ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर? वाद घालायला मजा येते, पण त्यात एक अडचण आहे. तिथं कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. म्हणजे 'कोण जिंकलं असतं?' याचं प्रामाणिक उत्तर 'कंपनीनं ज्याला जिंकवलं असतं तो' एवढंच.

मग असा वाद खऱ्या कुस्तीवर घालू या की! एक जोड अशी आहे, जी लागायला हवी होती आणि लागली नाही. दोघंही व्यावसायिक पैलवान. दोघंही एकाच वयाचे. १९१० साली दोघंही फॉर्मच्या शिखरावर. एक अमेरिकेतल्या आयोवाचा फ्रँक गॉच, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन. दुसरा आपला गामा, म्हणजे गुलाम मोहम्मद बख्श. गामानं लंडनमध्ये जाऊन गॉचच्या नावानं आव्हान दिलं होतं. कुस्ती काही झाली नाही.

झाली असती तर? चला, एकेक रकाना भरू या.

कोण होते हे दोघं?

गॉच जन्मला १८७७ मध्ये, आयोवातल्या हंबोल्ट गावाजवळच्या शेतकरी घरात. त्याचे वस्ताद मार्टिन बर्न्स, सगळे त्यांना 'फार्मर' बर्न्स म्हणायचे. उमेदवारीच्या काळात हा पठ्ठा अलास्काजवळच्या क्लोंडाइक भागात गेला. तिथं सोन्याच्या खाणींवर पैसा वाहत होता. गॉचनं नाव बदलून तिथल्या खाणकामगारांशी कुस्त्या केल्या आणि बक्कळ कमाई करून परतला. १९०४ मध्ये टॉम जेन्किन्सला हरवून तो अमेरिकेचा चॅम्पियन झाला. ३ एप्रिल १९०८ ला शिकागोत त्यानं जॉर्ज हॅकेनश्मिटला गाठलं. 'रशियन लायन' म्हणून युरोपभर गाजलेला हा मल्ल तेव्हाचा जगज्जेता होता. दोन तासांच्या झटापटीनंतर त्यानं हार मानली. १९११ मध्ये शिकागोच्याच कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर दोघं पुन्हा भिडले. हजारोंची गर्दी होती, आणि गॉच पुन्हा जिंकला.

गामाचा जन्म १८७८ चा. घराणंच पैलवानांचं. दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या राजानं भरवलेल्या बैठकांच्या स्पर्धेत तो उतरला, देशभरातल्या शेकडो पैलवानांमध्ये शेवटच्या काहींत टिकला आणि राजानं त्यालाच विजेता ठरवलं, असं सांगतात. पुढे तो दतिया संस्थानचा दरबारी पैलवान झाला. त्या काळात आपल्याकडे कुस्ती चालायची ती संस्थानांच्या आश्रयावर. खुराक राजाचा, तालीम राजाची आणि मैदानात उतरायचं तेही राजाच्या नावानं.

उंची, वजन आणि फेकाफेकी

गॉच साधारण पाच फूट अकरा इंच, वजन पंच्याण्णव किलोच्या घरात. गामा त्याच्यापेक्षा तीन-चार इंचांनी बुटका. त्याच्या वजनाचे आकडे मात्र नव्वदपासून एकशे दहा किलोपर्यंत, जिथं बघाल तिथं वेगळे. कार्डावर उंचीचा रकाना गॉचचा.

पण उंचीला किती मार्क द्यायचे? गामाचा भारतातला सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी होता रहीम सुलतानीवाला. तो जवळजवळ सात फुटी होता असं म्हणतात. त्याच्याशी गामाच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या आणि शेवटी अलाहाबादला गामानं बाजी मारून 'रुस्तुम-ए-हिंद' ही पदवी मिळवली. उंच माणसाचा पट कसा काढायचा, हे गामाला शिकवायची गरज नव्हती.

आता थोडी चाळणी लावू. गामाविषयी सोशल मीडियावर जे फिरतं त्यातलं सगळंच गिळू नका. बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड आहे. गामानं तो १९०२ मध्ये उचलला आणि त्याचं वजन बाराशे किलो, असं सांगतात. आजचे जगातले सर्वांत ताकदवान लोक डेडलिफ्टमध्ये पाचशे किलोच्या आसपास थांबतात, तेही पकडायला दांडा असताना. मग बाराशे किलोचा दगड? त्यानं तो हलवला असेल, कडेवर उभा केला असेल. पण 'उचलला' म्हणणं अवघड आहे. पाच हजार कुस्त्यांत एकही हार नाही, या दाव्याचंही तेच. पन्नास वर्षं सलग, दर आठवड्याला दोन कुस्त्या केल्या तर कुठं हा आकडा गाठतो. गामाला मोठं करायला असल्या आकड्यांची गरजच नाही.

गॉचचं रेकॉर्डही दुधानं धुतलेलं नाही. १९०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला फ्रेड बील नावाच्या, त्याच्यापेक्षा खूपच लहान चणीच्या मल्लाकडून तो हरला आणि काही दिवसांतच परतीच्या कुस्तीत जिंकला. पैज लावणाऱ्यांसाठी ही कुस्ती आधीच ठरवलेली होती, असा संशय तेव्हापासून आजवर आहे. म्हणजे व्यावसायिक कुस्तीला स्क्रिप्टचा वास तेव्हाच लागला होता. हॅकेनश्मिटनंही १९०८ च्या कुस्तीनंतर तक्रार केली होती, की गॉचनं अंगाला तेल चोळलं होतं आणि नखं-अंगठे वापरले. गॉचच्या चाहत्यांनी याला रडीचा डाव म्हटलं. खरं-खोटं त्या दोघांना ठाऊक!

दोघांचा एकच पाहुणा

दोन टीम कधीच भिडल्या नसतील, तर क्रिकेटवाले काय करतात? तिसऱ्या टीमविरुद्ध दोघांनी काय केलं ते बघतात. आपल्या नशिबानं इथं असा तिसरा माणूस आहे. पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. बैलासारख्या मानेचा, पिंपासारख्या छातीचा अवाढव्य मल्ल. त्यानं गॉच आणि गामा या दोघांशीही कुस्ती केली. तीही एकाच वर्षी!

आधी गॉच. १९०९ च्या अखेरीस बफेलो शहरात एका तासात झिबिस्कोला दोनदा पाडण्याची पैज गॉचनं घेतली होती. तो एकदाही पाडू शकला नाही. मग १ जून १९१० ला शिकागोत खरी कुस्ती ठरली, तीनपैकी दोन जिंकेल तो विजेता. घंटा वाजली. झिबिस्को शेकहँडसाठी हात पुढे करून आला. गॉचनं हात मिळवण्याऐवजी झेप घेतली आणि त्याला चितपट केलं. वेळ, ६.४ सेकंद! झिबिस्को चिडला, पण पंचांनी निकाल कायम ठेवला. दुसऱ्या फेरीत गॉचला सत्तावीस मिनिटं लागली. निकाल २-०.

आता गामा. १९१० च्या उन्हाळ्यात तो भाऊ इमाम बख्श आणि आणखी काही पैलवानांसोबत लंडनला पोहोचला. खर्च उचलला होता बंगालचे धनिक शरतकुमार मित्र यांनी. तिथं या बुटक्या हिंदुस्थानी माणसाला कुणी लगेच दाद देईना. मग त्यानं जाहीर आव्हान दिलं, की कुठल्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात पाडून दाखवतो. गॉच आणि झिबिस्को या दोघांची नावं घेऊनही त्यानं आव्हान दिलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेचा डॉ. बेंजामिन रोलर समोर आला. रोलर खराखुरा डॉक्टर होता आणि गॉचकडून हरलेलाही होता. गामानं त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत पाडलं. इमाम बख्शनं स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवलं. आता लंडनचे पेपर जागे झाले.

१० सप्टेंबर १९१०. शेफर्ड्स बुशचं स्टेडियम. बक्षीस अडीचशे पौंड आणि 'जॉन बुल' पट्टा. गामानं पहिल्या मिनिटातच झिबिस्कोला खाली घेतलं. त्यानंतर झिबिस्कोनं जे केलं ते कुस्तीच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. तो गादीवर पालथा पडून राहिला. उठायलाच तयार नाही! कॅच-ॲज-कॅच-कॅनच्या नियमांत दोन्ही खांदे टेकल्याशिवाय चितपट होत नाही, आणि एवढं धूड उलथं करणं म्हणजे गाडलेला खांब उपटण्यासारखं. अडीच तासांहून जास्त वेळ हे चाललं. कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं. १७ सप्टेंबरला गामा हजर, झिबिस्को गायब. पट्टा गामाला मिळाला.

वरवर बघितलं तर गॉच पुढे दिसतो. त्यानं झिबिस्कोला दोनदा चितपट केलं, गामाला एकदाही जमलं नाही. पण जरा थांबा. शेकहँडचा डाव बाजूला ठेवला, तर उरतात सत्तावीस मिनिटं आणि बफेलोचा तो निष्फळ तास. शिवाय गॉचसमोर झिबिस्को लढायला उभा होता. गामासमोर तो एका मिनिटानंतर लढलाच नाही. जो माणूस अडीच तास पोटावर पडून राहतो, तो समोरच्याविषयी काय मत बनवून बसलेला असतो?

या प्रश्नाचं उत्तर यायला सतरा वर्षं लागली. जानेवारी १९२८, पतियाळा. महाराजा भूपिंदर सिंगांनी मैदान भरवलं. या वेळी गादी नव्हती, माती होती. झिबिस्को काही संपलेला पैलवान नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, १९२५ मध्ये, त्यानं पुन्हा वर्ल्ड टायटल मिळवलं होतं. तेही भन्नाट पद्धतीनं. वेन मन नावाच्या माजी फुटबॉलपटूला स्क्रिप्टप्रमाणे चॅम्पियन केलेलं होतं आणि झिबिस्कोनं त्याच्याशी हरायचं, असं ठरलेलं. झिबिस्को रिंगमध्ये उतरला आणि त्यानं ऐन वेळी खरी कुस्ती करून मनला पाडलं! असा हा खमक्या माणूस पतियाळात आला. गामानं त्याला एका मिनिटाच्या आत आसमान दाखवलं. दोघंही तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते, त्यामुळे वयाची सबब कुणालाच नाही.

माती की गादी?

इथं खरा मुद्दा येतो. त्याच दोन माणसांची कुस्ती गादीवर अडीच तास निकालाविना चालते आणि मातीत एका मिनिटात संपते. म्हणजे कोण जिंकेल हे पैलवानांइतकंच नियमांवर ठरतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ आणलं. पण त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीतल्या या मल्लाला गादीचं तंत्र आणि तिथले नियम यांच्याशी झगडावं लागलं होतं आणि ते सहावे आले होते. माती अंग धरते, पाय रुतू देते. गादी घसरवते आणि वेगळाच वेग मागते.

गॉचचं हुकमी हत्यार म्हणजे टो होल्ड. समोरचा खाली पडला की त्याचा पंजा पकडायचा आणि घोटा असा पिळायचा, की एकतर तो उलथा होऊन खांदे टेकवेल किंवा हार मानेल. कॅच प्रकारात हार मानायला लावणं हाही विजयच. झिबिस्कोसारखं पालथं पडून राहणं गॉचसमोर चाललं नसतं, पाय आयताच हातात मिळाला असता. आपल्या कुस्तीत सारा भर चितपट करण्यावर. त्यामुळे जमिनीवर पायाच्या पिळाशी झुंजण्याचा सराव गामाला कमी असणार. हा रकाना गॉचचा, स्पष्टपणे.

उभ्या कुस्तीत मात्र चित्र उलटं. रोलर आणि झिबिस्को हे दोघंही गॉचच्या दर्जाच्या वर्तुळातले मल्ल, आणि दोघांनाही गामानं पहिल्या एक-दोन मिनिटांत खाली घेतलं. हॅकेनश्मिटला खाली आणायला गॉचला दोन तास लागले होते. आणि तो शेकहँडचा डाव? गामासमोर तो चाललाच नसता. आपल्याकडे सलामी झडली, हाताला हात लागला, की कुस्ती लागली. हात पुढे करताना बेसावध राहायची सवय तालमीत लहानपणीच मोडते.

दमसास? एकानं दोन तास, दुसऱ्यानं अडीच तास काढून दाखवलेत. हा रकाना बरोबरीत.

मग जिंकतं कोण?

गोलमाल उत्तर देऊन पळणार नाही. तीन मैदानं धरू.

मैदान पहिलं, पतियाळा किंवा लाहोर. माती, एकच निकाल. गामा, आणि कुस्ती पाच मिनिटांच्या पुढं जात नाही.

मैदान दुसरं, शिकागो. गादी, तीनपैकी दोन, पंच स्थानिक, गर्दी गॉचची. पहिली फेरी गामा वेगानं घेईल. दुसरीत गॉच त्याला जमिनीवर ओढून पाय धरेल. तिसऱ्या फेरीत दुखऱ्या घोट्यानं उभं राहणं कठीण. गॉच, २-१.

मैदान तिसरं, लंडन. गादी, पण दोघांसाठीही परकं गाव. इथं माझं मत गामाला. गॉचला टो होल्ड लावायचा तर आधी गामाला खाली घ्यायला हवं, आणि त्या सबंध लंडन दौऱ्यात खाली घेणारा गामाच होता. पण हे फार थोड्या फरकानं.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर भांडा, तीच तर मजा आहे. पण भांडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या तिन्हींपैकी कुठलं मैदान निवडायचं, हे ठरवण्याची ताकद एकाच बाजूला होती.

कार्डावर नसलेला रकाना

गॉच गामाला घाबरला, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. तो चॅम्पियन होता, त्याची तिकिटं अमेरिकेत खपत होती. समुद्र ओलांडून एका हिंदुस्थानी मल्लाशी लढण्यात त्याला मिळवायचं काही नव्हतं, गमवायचं मात्र सगळं होतं. व्यवहार म्हणून त्यानं योग्यच केलं. पण त्या वर्षाची हवाही बघा. ४ जुलै १९१० ला अमेरिकेतल्या रीनो शहरात कृष्णवर्णीय बॉक्सर जॅक जॉन्सननं गोऱ्या जिम जेफ्रीजला हरवलं आणि अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. त्या लढतीसाठी जेफ्रीजची तयारी करून घेणाऱ्यांत फार्मर बर्न्स आणि फ्रँक गॉच दोघंही होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ठरलेली जॉन्सनची लढत सरकारनं होऊ दिली नाही. गोरा माणूस रिंगमध्ये हरताना दिसणं ही तेव्हा नुसती खेळातली बातमी नव्हती. ज्यांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्या राजधानीत त्यांच्याच प्रजेतला एक माणूस उभा राहून म्हणत होता, की या, कोण येतंय ते! त्याला तिथं एका पोलिश मल्लाखेरीज तोलाची जोड मिळाली नाही. आणि तो मल्लही पालथा पडून राहिला.

गॉच १९१३ च्या सुमाराला निवृत्त झाला आणि डिसेंबर १९१७ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, आजारानं गेला. गामा फाळणीनंतर लाहोरला राहिला आणि १९६० मध्ये वारला. गॉचच्या नावापुढे इतिहासाच्या पुस्तकांत 'वर्ल्ड चॅम्पियन' लागतं, आणि तो खरोखर थोर मल्ल होता. पण 'वर्ल्ड' या शब्दात तेव्हा किती जग होतं, हे विचारायला हरकत नाही. पंजाबच्या तालमी त्यात नव्हत्या. कोल्हापूर, बडोदा, पतियाळाची मैदानंही नव्हती. ज्यांना जोडच मिळत नाही, त्यांच्याविरुद्ध कुणी हरतही नाही, आणि रेकॉर्ड स्वच्छ राहतं.

म्हणून आता कधी कट्ट्यावर 'हा भारी की तो भारी' सुरू झालं, की उंची-वजन आणि जिंकलेल्या मॅचेसचे आकडे जरूर काढा. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. खेळ कोणाच्या नियमांनी झाला? आणि ज्यांनी आव्हान दिलं, त्यांच्यापैकी किती जणांना मैदानात उतरू दिलं? हे फक्त कुस्तीपुरतं नाही. टॉपर, बेस्ट, नंबर वन असे शिक्के दिसतील तिथं हे दोन प्रश्न लावून बघा. कधी शिक्का खरा निघेल, कधी नुसता रंग. गामा-गॉचच्या बाबतीत ते तपासायला एक कुस्ती पुरेशी होती. ती लागलीच नाही.